लिफ्ट केलेली जिप्सी ६५ ला थरथरते? गिअरबॉक्स उतरवू नकोस, आधी कोन मोज

पत्र (थोडं छोटं करून देतोय. नवख्यांसाठी: लिफ्ट म्हणजे गाडीची उंची वाढवणं, पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी, ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, शाफ्ट म्हणजे ती ताकद पुढे नेणारा फिरता दांडा आणि क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा):

"दादा नमस्कार, मी साताऱ्याचा. बाबांची जिप्सी किंग आहे, लहानपणापासून घरात तीच गाडी. गेल्या दिवाळीनंतर लिफ्ट करून घेतली, चारही पाट्यांना एकेक जास्तीचा पाटा आणि मागे २ इंच लांब शॅकल, टायर २३५/७५ आर १५. फॅब्रिकेटर म्हणाला शाफ्ट जास्त तिरका होतोय म्हणून त्याने ट्रान्सफर केसखाली स्पेसर टाकून ती इंचभर खाली घेतली. तेव्हापासून ५५ च्या पुढे गाडी थरथरायला लागते, ६५-७० ला सगळ्यात जास्त, ८० ला जरा कमी वाटतं. स्टेअरिंग शांत असतं पण सीट, फ्लोअर आणि गिअर लिव्हर नुसते भिरभिरतात. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की वाढतं, पाय काढला की बरंच कमी होतं. चाकं दोनदा बॅलन्स केली, मागच्या शाफ्टचे क्रॉस बदलले (त्यानंतर उलट वाढलंच!), शाफ्ट मशीनवर बॅलन्स केला. आता मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय, उतरवावा लागेल. बाबा म्हणतात सगळी लिफ्ट काढून टाक आणि होती तशी कर. काय करू?"

अरे मित्रा, सगळ्यात आधी, गिअरबॉक्स उतरवू देऊ नकोस. निदान अजून नाही. तू जे लिहिलंयस ना त्यातच जवळपास अर्धं निदान आहे, फार नीट निरीक्षण केलंयस, आणि मला राग याचा येतो की एवढं सगळं सांगूनही कुणी गाडीखाली झोपून एक साधा कोन मोजला नाही, डायरेक्ट पार्ट बदलायला घेतले. लिफ्ट केलेल्या गाड्यांचं बहुतेक वेळा हेच होतं. चाकं बॅलन्स, मग क्रॉस, मग शाफ्ट, मग गिअरबॉक्स, मग डिफ (ॲक्सलमधली गिअरची पेटी), पैसे जात राहतात आणि थरथर जागच्या जागी. कारण लिफ्टने कुठला पार्ट खराब झालेलाच नसतो, लिफ्टने भूमिती बदललेली असते, आणि भूमिती काही नवीन पार्ट टाकून जाग्यावर येत नाही.

आता तू दिलेल्या खुणा बघू. स्टेअरिंग शांत आणि सीट-फ्लोअर थरथरतंय, म्हणजे पुढची चाकं बहुतेक निर्दोष. शिवाय चाकाची थरथर आणि शाफ्टची थरथर अंगाला वेगळी जाणवते. हिशोब सोपा आहे, तुझा २३५/७५ आर १५ टायर साधारण ७३ सेंमी व्यासाचा, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २.३ मीटर जातो. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६.७ मीटर पळते, म्हणजे चाक सेकंदाला सव्वासात फेरे मारतं. चाक आउट असेल तर सेकंदाला सातेक हिसके, ते हेलकाव्यासारखे जाणवतात, जवळजवळ मोजता येतील असे. शाफ्ट मात्र डिफच्या रेशोच्या पटीत फिरतो, समजायला रेशो ४ धरला तर सेकंदाला २९ फेरे, आणि शाफ्टच्या कोनाची गडबड असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे ५८. हे तुला हिसके म्हणून कळणारच नाहीत, ते भिरभिर किंवा गुणगुण म्हणूनच जाणवणार, आणि तू शब्दही तोच वापरलायस.

जाता जाता एक, मूळ जिप्सी किंगचा टायर २०५/७० आर १५, साधारण ६७ सेंमीचा. तुझा नवा टायर जवळपास १० टक्क्यांनी मोठा आहे आणि स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून चालते, त्यामुळे काट्यावर ६५ दिसतंय तेव्हा तू खरा ७१ च्या आसपास असतोस. थरथरीचं निदान करताना हे डोक्यात ठेव आणि पोलिसांच्या स्पीडगनसमोर पण ठेव.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतं आणि पाय काढला की कमी होतं. नुसता बॅलन्सचा दोष असता तर तो स्पीडबरोबर वाढत गेला असता, पाय दाबला काय नि काढला काय, फारसा फरक पडला नसता. लोड बदलला की बदलणारी थरथर म्हणजे कोन, ढिले फाउंडेशन रबर (ट्रान्सफर केस वगैरे ज्यावर टेकतात ते), किंवा पिनियनचा, म्हणजे शाफ्ट डिफमधल्या ज्या गिअरला जोडतो त्याचा, प्ले. आणि ८० ला कमी होतं त्याचं कारण असं की ६५-७० ला शाफ्टचे हिसके आणि गाडीच्या कुठल्यातरी भागाची स्वतःची थरथरायची गती जुळतेय, पुढे गेलं की जुळणी सुटते. दोष गेला असा त्याचा अर्थ नाही, दोष तिथेच आहे, फक्त तुला कमी ऐकू येतोय.

तिसरी खूण तर तू कंसात टाकलीयस आणि माझ्या मते तीच आधी तपासायची. क्रॉस बदलल्यावर वाढलं! क्रॉस बदलायला शाफ्ट खाली उतरवला असणार, आणि उतरवताना बहुतेक मधला स्लाइडिंग जॉइंट, म्हणजे स्प्लाइनवाला (लांब दातांचा, आत-बाहेर सरकणारा) भाग, ओढून वेगळा केला असणार. परत बसवताना खूण न करता बसवला की शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत. याला फेज चुकणं म्हणतात. ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, गाडीखाली जा आणि बघ, शाफ्टच्या पुढच्या टोकाला जे योक शाफ्टलाच वेल्ड केलंय त्याचे कान आणि मागच्या टोकाच्या योकचे कान एकाच दिशेला आहेत का. (फ्लँजवाले, म्हणजे केसला-डिफला बोल्ट होणाऱ्या चकतीवरचे, कान नाही बघायचे, शाफ्टवरचे बघायचे.) एक दात जरी सरकलेला असेल तरी तुला नजरेला तिरकं दिसेल.

हे एवढं का महत्त्वाचं ते जरा सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं तुझं तूच लावशील. क्रॉसवाल्या जॉइंटचा एक मूळ स्वभाव आहे, कोनात चालवला की तो एकसारखा फिरवत नाही. आत येणारा शाफ्ट एका गतीने फिरत असला तरी बाहेर जाणारा एका फेऱ्यात दोनदा जरा पुढे पळतो आणि दोनदा जरा मागे राहतो. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात या जॉइंटवर काम केलं होतं, म्हणजे ही काही नवी माहिती नाही. ३ अंशाला ही चढउतार अगदी नगण्य, ०.१४ टक्के. ६ अंशाला ०.५५ टक्के. १० अंशाला दीड टक्का. बघ, कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो. म्हणूनच लोक म्हणतात ना की दीड इंच लिफ्टला काहीच झालं नाही आणि अडीच इंचाला गाडी एकदम थरथरायला लागली, ते खरं असतं, त्यात त्यांचा भ्रम नसतो.

मग कंपनीची गाडी का थरथरत नाही? कारण शाफ्टला दोन टोकांना दोन जॉइंट असतात आणि पहिल्याने केलेली चढउतार दुसरा उलट करून मिटवतो. पण त्याला दोन अटी. दोन्ही योक एका रेषेत हवेत आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत. तुझ्याकडे माझ्या अंदाजाने दोन्ही अटी मोडल्यात, एक लिफ्टवाल्याने आणि एक क्रॉसवाल्याने.

कोनाचं कसं मोडलं ते बघ. जिप्सीला मागच्या पाट्याचं पुढचं टोक फिक्स आणि मागच्या टोकाला शॅकल. शॅकल लांब केला की पाट्याचं मागचं टोक चेसीपासून खाली जातं, पाटा तिरका होतो, पाट्याला आवळलेला ॲक्सलही त्याच्याबरोबर वळतो आणि पिनियनचं नाक वर होतं. शॅकल २ इंच लांब केला तर उंची मिळते फक्त १ इंच, निम्मीच, आणि पाटा साधारण मीटरभर लांब धरला तर पिनियन जवळपास ३ अंश वर वळतं. एक इंच उंचीसाठी तीन अंश! माझं स्पष्ट मत आहे की मागे लांब शॅकल हा लिफ्टचा सगळ्यात वाईट प्रकार आहे, स्वस्त आहे म्हणून सगळे टाकतात.

आता एक उदाहरण घे, आकडे समजायला घेतलेत, तुझे वेगळे निघतील. समज ट्रान्सफर केसचा मागचा फ्लँज ३ अंश मागे उतरता आहे, शाफ्ट ९ अंश उतरता, आणि पिनियनचं नाक ६ अंश वर. पुढच्या जॉइंटचा कोन ९ वजा ३, म्हणजे ६. मागच्याचा ९ वजा ६, म्हणजे ३. एक ६ आणि एक ३, म्हणजे मिटवामिटवी अर्धवटच. वरवर वाटतं की फरक फक्त ३ अंशांचा, पण हे वर्गाच्या हिशोबाने चालतं, ३६ वजा ९ म्हणजे २७, त्याचं वर्गमूळ ५.२. म्हणजे तुझ्या गाडीत जणू ५.२ अंशाचा एकच जॉइंट एकटा फिरतोय असा त्रास होतो. आणि फेज पूर्ण ९० अंश चुकली तर मिटवायच्या ऐवजी दोघं एकमेकात भर घालतात, दोन्ही कोन ६-६ असे छान सारखे असले तरी साडेआठ अंशाच्या एकट्या जॉइंटसारखा त्रास. क्रॉस नवे कोरे असले तरी थरथर का वाढली ते आता लक्षात येईल.

यावर उपाय काय तर पिनियनचं नाक खाली, ६ वरून ३ वर आणायचं, म्हणजे मागचा कोन ३ चा ६ होईल आणि दोन्ही सारखे होतील. इथे बरेच जण गोंधळतात. नजरेला वाटतं की पिनियन शाफ्टच्या सरळ रेषेत आणलं की चांगलं, म्हणून नाक अजून वर करतात, आणि थरथर अजून वाढते. पिनियन शाफ्टकडे सरळ रोखायचं ते फक्त पुढच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस जोडून केलेला) असेल तर, कारण तो आपली चढउतार स्वतःच मिटवतो. तुझ्याकडे दोन्ही टोकांना साधे सिंगल क्रॉस आहेत, तुझ्यासाठी नियम एकच, ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर. पाट्यांच्या गाडीत तर पिनियन अंशभर खालीच बरं, कारण पाय दाबला की पाटे पिळवटतात आणि नाक आपोआप वर उठतं. तुझी थरथर चढाला वाढते त्यात याचाही हात आहे.

आता जिप्सीची खास गोष्ट, आणि मला वाटतं तुझ्या मेकॅनिकने ही अजिबात धरली नाहीये. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, ती वेगळी, चेसीवर रबराच्या फाउंडेशनवर टांगलेली आहे, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड मधला शाफ्ट आहे. म्हणजे तुझ्या गाडीत दोन नाही तीन शाफ्ट आहेत. फॅब्रिकेटरने ट्रान्सफर केस इंचभर खाली घेतली तेव्हा मागच्या शाफ्टचा तिरकेपणा थोडा कमी झाला हे खरं, पण मधल्या शाफ्टचा वाढला, आणि तो आखूड असल्यामुळे फार वाढला. जॉइंटमधलं अंतर ३० सेंमी धर, अडीच सेंमी खाली घेतलं की जवळपास ५ अंशांची भर. लांब शाफ्टचे दोन अंश वाचवायला आखूड शाफ्टला पाच अंश लावले! वर आणि जिप्सीच्या ट्रान्सफर केसमधे हायमधे (नेहमीच्या रेंजमधे) सुद्धा रिडक्शन (वेग कमी करणं) असते, म्हणजे मधला शाफ्ट मागच्या शाफ्टपेक्षा बराच जास्त वेगाने फिरतो, आणि जितका वेग जास्त तितका कोन कमी पाहिजे असं गणित आहे. स्पेसर सगळीकडे सारख्या जाडीचे नसतील तर केस वाकडी बसते आणि मग मधल्या शाफ्टचे दोन कोनही सारखे राहत नाहीत. गिअर लिव्हर थरथरतोय आणि मेकॅनिकला गिअरबॉक्स वाटतोय, तो संशय मला याच शाफ्टवर येतो.

आणि गंमत अशी की याची तपासणी जिप्सीत फार सोपी आहे, रस्त्यावर जायलाच नको. सपाट जागेवर गाडी उभी कर, चारही चाकांना पुढून-मागून दगड लाव, हँडब्रेक ओढ, ट्रान्सफर केसचा लिव्हर एन (न्यूट्रल) मधे टाक, मग इंजिन सुरू करून चौथा गिअर टाक आणि हळूच क्लच सोड. गाडी जागेवरच राहील पण गिअरबॉक्स आणि मधला शाफ्ट फिरायला लागतील, मागचा-पुढचा शाफ्ट फिरणार नाही. आता रस्त्यावर चौथ्यात ६५-७० ला जेवढं इंजिन फिरतं तेवढं हळूहळू फिरव. एकट्याने करू नकोस, कुणीतरी सीटवर हवं, आणि त्या वेळी गाडीखाली कुणीही जायचं नाही, हात तर अजिबात घालायचा नाही. उभ्या गाडीत तीच भिरभिर आली तर दोष मधल्या शाफ्टपर्यंतच आहे, मागच्या शाफ्टशी संबंध नाही. मग क्लच दाबून, गिअर न्यूट्रल करून तेवढंच इंजिन फिरव, भिरभिर गेली तर गिअरबॉक्स किंवा मधला शाफ्ट, राहिली तर इंजिन किंवा त्याची फाउंडेशन. उभ्या गाडीत सगळं एकदम शांत असेल तर मात्र मागच्या शाफ्टकडे वळायचं. एक लक्षात ठेव, उभ्या गाडीत लोड नसतो, त्यामुळे हलकी थरथर दिसली तरी ती दोष म्हणूनच धरायची, रस्त्यावर ती मोठी होऊन येते.

रस्त्यावरची टेस्ट शेंद्र्यापासून कराडच्या बाजूला हायवे सरळ आहे तिथे पहाटे कर, गर्दी नसताना. थरथर येते त्या स्पीडला चौथा आणि पाचवा दोन्ही गिअर लावून बघ. गिअर बदलूनही त्याच स्पीडला येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या आउटपुटपासून मागे आहे, इंजिन-क्लच सुटले. मग क्लच दाबून गाडी तशीच वाहू दे, इंजिन खाली आलं तरी थरथर राहते का बघ. फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे हब) असतील तर एकदा फ्री करून आणि एकदा लॉक करून टू-व्हीलमधेच चालव, लॉक केल्यावर पुढचा शाफ्ट फिरायला लागतो, तेव्हाच थरथर वाढली तर पुढचा शाफ्टही यात सामील आहे.

तरी खात्री पटत नसेल तर शेवटची आणि पक्की टेस्ट म्हणजे मागचा शाफ्ट काढून फोर-हायमधे (फोर-व्हीलच्या हाय रेंजमधे) फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवणं. जिप्सीत शाफ्ट दोन्हीकडे फ्लँजला बोल्टने असतो, त्यामुळे तेल सांडायचा प्रश्न नाही. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि स्प्लाइनवर पांढऱ्या पेंटने खूण करायचीच. एकच ॲक्सल ओढत असल्यामुळे कोरड्या रस्त्यावर फोर-हाय चालतं, पण घाट नको, जोरात पिकअप नको, थोडंसं सरळ जाऊन परत ये. आणि हे नीट वाच, काही जुन्या जीपमधे हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच असतो, मागचा शाफ्ट काढला की तो हँडब्रेक कामाचा राहत नाही. तुझ्या गाडीत कुठे आहे ते आधी बघ, आणि कुठेही असो, शाफ्ट काढलेली गाडी दगड न लावता सोडायची नाही. पुण्या-मुंबईकडे काही जण गाडी जॅकवर उचलून चाकं हवेत फिरवून थरथर शोधतात, ते तू करू नकोस, एक तर धोका, आणि दुसरं म्हणजे ॲक्सल लोंबला की सगळे कोन बदलतात, मग जी थरथर दिसते ती तुझी रस्त्यावरची थरथर नसतेच.

कोन मोजायला महागडं काही लागत नाही. मॅग्नेटवाला डिजिटल अँगल मीटर मिळतो तो घे, नाहीतर फोनमधलं लेव्हलचं ॲप, पण फोनचं कव्हर काढून आणि एका सरळ पट्टीला टेकवून. गाडी सपाट जमिनीवर, वजन चाकांवर, चारही टायरमधे हवा सारखी, टाकी साधारण असते तेवढी भरलेली. मधल्या शाफ्टसाठी तीन आकडे, गिअरबॉक्सची मागची बाजू, शाफ्ट, ट्रान्सफर केसचा इनपुट फ्लँज. मागच्यासाठी तीन, आउटपुट फ्लँज, शाफ्ट, पिनियन फ्लँज. फ्लँजवर मोजताना क्रॉसच्या टोप्यांवर नाही, फ्लँजच्या मशीन केलेल्या सपाट भागावर मोजायचं, आणि कोण पुढे उतरता कोण मागे ते प्रत्येक आकड्यासमोर लिहायचं, नाहीतर वजाबाकीच्या जागी बेरीज होते. शेजारच्या दोन आकड्यांचा फरक म्हणजे त्या जॉइंटचा कोन. एका शाफ्टच्या दोन जॉइंटमधे फरक १ अंशाच्या आत पाहिजे. आणि प्रत्येक कोन हायवेवर चालणाऱ्या गाडीसाठी ३ अंशांच्या आसपास असला तर उत्तम. लिफ्टच्या गाडीत तेवढा मिळणं अवघड आहे हे मान्य, ५-६ पर्यंत सारखे असतील तर बऱ्याच गाड्या समाधानकारक चालतात, पण दोन्ही सारखे असले तरी मोठ्या कोनात त्या दोन जॉइंटमधला शाफ्ट स्वतः एका फेऱ्यात दोनदा झटके खात असतो, त्याची थरथर पूर्ण कधीच जात नाही. अगदी शून्यही नको, बेअरिंगच्या सुया थोड्या हलत्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर एकाच जागी घासून खड्डे पडतात.

खाली झोपलाच आहेस तर आणखी चार गोष्टी बघ. ट्रान्सफर केसची रबरं, हाताने आणि पहारीने हलवून, चिरलेली किंवा तेलाने फुगलेली असतील तर कोन बरोबर असूनही लोडला केस उचलली जाते. स्प्लाइन किती आत आहे ते बघ, लिफ्टने शाफ्ट बाहेर ओढला जातो आणि पकड कमी झाली की तो मधेच लचकतो, जुनी ग्रीसची घासलेली खूण दिसते त्यावरून किती बाहेर आलाय ते कळतं. पिनियन फ्लँज वर-खाली हलवून बघ, हलला तर बेअरिंग. आणि नवे क्रॉस हाताने चारही बाजूला मऊ फिरतात का, कारण टोपी ठोकताना एखादी सुई आडवी पडली की नवा क्रॉसही कडक चालतो. फ्लँजचे बोल्ट मात्र आजच आवळ, उद्यावर टाकू नकोस, थरथरणाऱ्या गाडीत ते ढिले होतातच.

मग दुरुस्ती कुठल्या क्रमाने? माझं ऐकशील तर पहिलं फेज बरोबर करून घे, ते फुकट आहे. दुसरं, मागचे लांब शॅकल काढून कंपनीच्या मापाचे लाव. एक इंच उंची जाईल पण पिनियन आपोआप खाली येईल आणि शाफ्टचा तिरकेपणाही कमी होईल, एका दगडात दोन्ही. तिसरं, ट्रान्सफर केसचे स्पेसर काढ, कारण शॅकल गेल्यावर त्यांची गरजच उरत नाही आणि मधला शाफ्ट मूळ जागी येतो. एवढं करून परत सहा आकडे घे आणि गाडी चालवून बघ. मला बऱ्यापैकी खात्री आहे की थरथर इथेच खूप कमी होईल. उरलीच तर पाटा आणि ॲक्सलच्या मधे स्टीलची पाचर टाकून पिनियन जुळवायचं. जिप्सीला मूळ मांडणीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात, त्यामुळे नाक खाली करायचं तर पाचरीची जाड बाजू मागे. (ज्याने पाटे ॲक्सलच्या वर घेतलेत त्याच्यासाठी उलट, जाड बाजू पुढे.) ॲल्युमिनियमची पाचर टाकू नकोस, ती दबते आणि यू बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे) ढिले पडतात, आणि दोन-तीन पाचरी एकावर एक तर कधीच नाही. बॅलन्सिंग हे सगळं झाल्यावर, आणि तेही शाफ्ट आता आहे त्या फेजमधे बॅलन्स झालाय का हे विचारूनच, कारण चुकीच्या फेजमधे मशीनवर बॅलन्स केलेला शाफ्ट फेज बरोबर केल्यावर आउट जाऊ शकतो. तुझ्या बाबतीत मशीनवर क्रॉसनंतर गेला होता ना, मग परत एकदा न्यावाच लागेल.

बाबांचं काय, तर बाबा निम्मे बरोबर आहेत. सगळी लिफ्ट काढायची गरज नाही, जास्तीच्या पाट्यांची उंची ठेवता येते, पण शॅकल आणि स्पेसर काढायला ते म्हणतायत ते ऐक. उंची एका इंचाने कमी झाली म्हणून २३५ चे टायर आर्चला घासतात का ते पूर्ण स्टेअरिंग वळवून आणि एक बाजू दगडावर चढवून तपास, घासत असतील तर बंप स्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेले रबर) थोडे लांब कर, शॅकल परत लांब करायचा मोह नको. आणि त्यांना गाडीत बसव टेस्टच्या वेळी, इतकी वर्षं ती गाडी त्यांच्या हाताखाली चाललीय, कुठला आवाज मूळचा आणि कुठला नवीन हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा नक्की जास्त कळेल. मला तर वाटतं उभ्या गाडीच्या टेस्टला सीटवर त्यांनाच बसव.

हे होईपर्यंत हायवेवर ५० च्या वर जाऊ नकोस, आणि यवतेश्वरचा घाट चढायचाच असेल तर खालच्या गिअरमधे, पाय हलका ठेवून. हे घाबरवायला नाही सांगत. शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत सुटलं तर ते खाली पडून रस्त्यात रुतू शकतं आणि मागून सगळी गाडी त्याच्यावर चढते, म्हणून लिफ्टच्या गाडीला मागच्या शाफ्टच्या पुढच्या भागाखाली एक लोखंडी कडं वेल्ड करून घेणं मी सगळ्यांनाच सांगतो. लेथवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, शाफ्ट पूर्ण खाली-वर झाला तरी कड्याला लागणार नाही एवढी जागा सोडायला सांग.

मेकॅनिकला भांडू नकोस. त्याला हे सहा आकडे दाखव आणि आधी शाफ्ट जुळवू, मग बेअरिंग बघू असं म्हण. गिअरबॉक्सचं बेअरिंग खरंच गेलं असेल तर ते उभ्या गाडीच्या टेस्टमधे घरघर म्हणून ऐकू येईल, मधला शाफ्ट सरळ झाल्यावरही ऐकू येत राहील, आणि तेव्हा उतरवायला मी स्वतः सांगेन. यू बोल्ट मात्र शॅकल-पाचरीचं काम झाल्यावर आठवडाभर गाडी चालवून परत आवळायचे, मागचा ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल ॲक्सल पूर्ण लोंबल्यावर ताणली जात नाही ना ते त्याच वेळी बघून घे, आणि आकडे मला पाठव, आधीचे सहा आणि नंतरचे सहा.